केसरी : एका छापखान्याची आणि त्याच्या माणसांची हकीकत

पुण्यनगरीच्या सार्वजनिक आयुष्याचा एकोणिसाव्या शतकातील इतिहास लिहू जाणाऱ्यास सरकारी दफ्तरांइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, आधार वर्तमानपत्रांच्या जीर्ण फायलींचा घ्यावा लागतो. आणि त्या फायलींत जिचे नाव कधी आदराने, कधी संतापाने, तर कधी निव्वळ फिर्यादी पक्षाच्या भाषेत पुनःपुन्हा येते, ती संस्था म्हणजे नारायण पेठेतील गायकवाडवाड्यात नांदणारी केसरी-मराठा संस्था होय. या संस्थेविषयी आजवर जे लिहिले गेले त्यात लोकमान्यांच्या तेजाने बाकीची सर्व माणसे झाकोळून गेली, आणि 'केसरी' म्हणजे टिळक हे समीकरण इतके रूढ झाले की, संपादक तीन वेळा तुरुंगात गेला असता, एकदा तर सहा वर्षांसाठी समुद्रापलीकडे नेला गेला असता, हे पत्र मुळी जिवंत राहिले कसे, हा साधा प्रश्नही कोणास विचारावासा वाटला नाही. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचा माग काढण्याचा यत्न केला आहे.

'केसरी' निघाला तेव्हा पुणे हे वर्तमानपत्रांस नवखे शहर नव्हते. मुंबईस बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढून मराठी वृत्तपत्राचा पाया घातला होता, आणि पुण्यात १२ फेब्रुवारी १८४९ रोजी, सोमवारी, कृष्णाजी त्रिंबक रानडे यांनी 'ज्ञानप्रकाश' सुरू केला होता. या पत्राने आवाज कधी फारसा चढवला नाही. पण शंभर वर्षांहून अधिक काळ जगून शहराची नोंदवही मात्र इमानाने लिहिली. वर्तमानपत्रांच्या इतिहासात तोफांचे आवाज ऐकू येतात, नोंदवह्या कोणी उघडत नाही. म्हणून 'ज्ञानप्रकाशा'चे हे ऋण आरंभीच नमूद करून ठेवले आहे. जोतीराव फुले यांच्या चळवळीतले कृष्णराव भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ रोजी याच पुण्यात 'दीनबंधु' काढला. शेतकऱ्यांची व कारागिरांची बाजू मांडणारे हे पत्र पुण्यात फार दिवस तग धरू शकले नाही आणि पुढे मुंबईस नारायण मेघाजी लोखंडे यांच्या हाती गेल्यावर त्यास बाळसे आले. शहरातील लेखन-वाचनाची व पैशाची सूत्रे कोणाच्या हाती होती, हे एवढ्या एका हकीकतीवरून ध्यानात यावे.

वरती सरकारदरबारची हवाही अनुकूल नव्हती. लॉर्ड लिटनसाहेबांनी १८७८ साली देशी भाषांतील पत्रांपुरता जो मुद्रणनिर्बंध जारी केला, तो १८८२ साली लॉर्ड रिपन यांच्या कारकीर्दीत रद्द होईपर्यंत अंमलात होता. म्हणजे 'केसरी'चा जन्म त्या कायद्याच्या छायेतला आहे.

या उद्योगाचे मूळ पुरुष विष्णुशास्त्री चिपळूणकर. १८७४ च्या जानेवारीपासून 'निबंधमाला' लिहून मराठी गद्याला ज्यांनी नवा डौल दिला, त्या शास्त्रीबोवांनी रत्नागिरीच्या शाळेतील सरकारी चाकरीचा राजीनामा दिला आणि पुण्यास परत येऊन १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल काढले. त्यांना येऊन मिळालेली मंडळी विशीतली, पदव्यांची शाई अजून न वाळलेली : बळवंतराव टिळक, त्यांचे डेक्कन कॉलेजातील स्नेही गोपाळराव आगरकर, संस्कृतचे व्यासंगी वामन शिवराम आपटे आणि महादेव बल्लाळ नामजोशी. यांपैकी पहिल्या दोघांविषयी महाराष्ट्रास काही सांगावयास नको. पण नामजोशी यांच्यावर इतिहासाने थोडा अन्याय केला आहे असे माझे मत आहे. 'किरण' आणि 'डेक्कन स्टार' ही दोन पत्रे चालवून या गृहस्थांनी कागदाचे भाव, खिळ्यांची झीज, वर्गणीदारांची टाळाटाळ आणि उधारीचे नाना प्रकार यांचा पुरता अनुभव आधीच पदरी बांधला होता. इतर मंडळी ध्येयाने भारलेली होती. छापखाना म्हणजे काय प्रकरण असते हे त्या घोळक्यात खऱ्या अर्थाने एकट्या नामजोशींनाच ठाऊक होते. १८९६ साली, ऐन उमेदीत, ते निवर्तले.

छापखाना उभा राहिला तो जुन्या सामानातून. केशवराव साठे यांचा छापखाना विष्णुशास्त्र्यांनी घेतला, त्यास 'आर्यभूषण' हे नाव दिले, आणि बुधवार पेठेतील मोरोबादादांच्या वाड्यात तो नेऊन मांडला. हे सामान हलवताना हमालांच्या जोडीने शाळेच्या चालकांनीही खांद्यावर ओझी वाहिली, ही गोष्ट टिळक पुढे अभिमानाने सांगत. शिशाच्या खिळ्यांनी भरलेली लाकडी केस ज्याने एकदा तरी उचलली असेल त्यास त्या अभिमानाचे वजन कळेल. ती वस्तू दिसते पेटीएवढी आणि उचलू गेल्यास जमिनीस चिकटून बसते. पदवीधर ब्राह्मण तरुणांनी पुण्याच्या भर रस्त्यातून असे ओझे वाहणे ही त्या काळी लोकांनी वळून पाहण्याजोगी गोष्ट होती.

'मराठा' हे इंग्रजी साप्ताहिक रविवारी, २ जानेवारी १८८१ रोजी निघाले आणि त्यानंतर दोन दिवसांनी, मंगळवारी, ४ जानेवारीस 'केसरी'चा पहिला अंक बाहेर पडला. आधी प्रसिद्ध झालेल्या उद्देशपत्रकावर चिपळूणकर, टिळक, आगरकर, आपटे, नामजोशी आणि डॉक्टर गणेश कृष्ण गर्दे अशा सहा जणांच्या सह्या होत्या. रात्री रस्त्यांवर दिवे लागल्याने आणि पोलिसांची गस्त फिरत राहिल्याने जो उपयोग होतो, तोच उपयोग वर्तमानपत्रकर्त्याची लेखणी चालू राहिल्याने होतो, असा त्या पत्रकाचा आशय होता. मस्तकावर जगन्नाथपंडिताचा हत्तीस उद्देशून योजलेला श्लोक आला. 'केसरी'च्या संपादनाची जबाबदारी आगरकरांकडे आणि 'मराठा'ची टिळकांकडे, अशी वाटणी ठरली. पुढच्या पिढ्यांच्या स्मरणातून ही वाटणी जवळजवळ पुसून गेली आहे. 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर, हे आज कित्येक सुशिक्षितांस सांगावे लागते.

पत्रास वर्ष लोटले नाही तोच पहिली परीक्षा आली. कोल्हापूरचे अल्पवयीन छत्रपती चौथे शिवाजी यांच्या छळासंबंधी जी वदंता पसरली होती, ती दोन्ही पत्रांनी उचलून धरली आणि कारभारी माधवराव बर्वे यांच्या नावची म्हणून जी पत्रे हाती आली होती ती खरी मानून त्यांच्यावर झोड उठवली. बर्व्यांनी अब्रूनुकसानीची फिर्याद गुदरली. पत्रे बनावट ठरली. संपादकांनी दिलगिरी प्रदर्शित केली, पण फिर्यादी नमला नाही. खटला चालू असतानाच, १७ मार्च १८८२ रोजी, विष्णुशास्त्री वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारले. जुलैत निकाल लागून टिळक व आगरकर या दोघांस प्रत्येकी चार महिन्यांची साधी कैद झाली. तीत सूट मिळून मुंबईच्या डोंगरी तुरुंगात त्यांचे जे दिवस गेले, त्यांची संख्या आगरकरांच्या 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' या पुस्तकाने कायमची नोंदवून ठेवली आहे. या प्रकरणी जामिनाचा प्रश्न आला तेव्हा जोतीराव फुले यांच्या शब्दावरून पुण्याचे व्यापारी रामशेठ उरवणे यांनी दहा हजारांची हमी घेतली. ज्यांच्या लेखणीने फुल्यांवर पुढेमागे कधी दया दाखवली नाही, त्यांच्यासाठी फुल्यांनी केलेले हे काम संस्थेच्या इतिहासात ठळक अक्षरांत राहिले पाहिजे.

विष्णुशास्त्री गेले, दोन्ही संपादक कैदेत पडले, तरी पत्रे बंद पडली नाहीत. शाळेतील सहकाऱ्यांनी आणि आर्यभूषणच्या माणसांनी अंक काढले, आणि संस्थेला तेव्हा जे वळण पडले तेच पुढे तिच्या कामी आले. व्यक्ती गैरहजर असली तरी फर्मा यंत्रावर चढला पाहिजे, असा तो अलिखित दंडक होता.

टिळक आणि आगरकर यांच्यातील मतभेदाची कहाणी येथे विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही. आधी राजकीय की आधी सामाजिक, हा वाद तत्त्वाचा होताच; त्याच्या जोडीस संस्थेच्या कारभाराविषयीचे आणि माणसामाणसांमधले कुरबुरीचे विषयही होते. १८८७ च्या ऑक्टोबरात आगरकर 'केसरी'तून बाहेर पडले आणि पुढल्या वर्षी त्याच महिन्यात त्यांनी 'सुधारक' काढला. त्याची इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळीत. पुण्याच्या वाचकास यामुळे मोठा लाभ झाला. एकाच विषयावर आठवड्यात दोन्ही बाजू, त्याही तोलामोलाच्या लेखण्यांतून, वाचावयास मिळू लागल्या. १८९१ च्या संमतिवयाच्या विधेयकावर जो रणसंग्राम माजला, त्यात 'केसरी'ने विधेयकाच्या विरुद्ध आणि 'सुधारक'ने बाजूने शाई ओतली. मुलींच्या विवाहसंबंधाचे कायदेशीर वय दहावरून बारावर नेण्याचा तो प्रश्न होता, आणि आजच्या वाचकास 'केसरी'ची बाजू समर्थनीय वाटणार नाही. मलाही वाटत नाही. परकी सरकारने समाजात हात घालू नये, हा टिळकांचा मुद्दा समजून घेता येतो. पण त्या मुद्द्याची किंमत ज्यांना भरावी लागत होती त्या मुलींस बोलावयास कोणते पत्र होते? १८९५ साली आगरकर गेले तेव्हा ते अडतीस वर्षांचे होते.

संमतिवयाच्या वादाच्याच सुमारास मालकीचाही उलगडा झाला. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा देऊन टिळक १८९० अखेर मोकळे झाले, आणि १८९१ साली जी वाटणी झाली तीत आर्यभूषण छापखाना वासुदेवराव केळकर आणि हरि नारायण गोखले यांच्याकडे राहून 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे, सुमारे सात हजार रुपयांच्या कर्जाच्या बोजासह, टिळकांच्या वाट्यास आली. छापखाना नाही, इमारत नाही, आहे ते फक्त नाव आणि देणे, अशा अवस्थेत हाती घेतलेल्या उद्योगातून पुढे एवढी मोठी संस्था उभी राहिली याचे श्रेय संपादकीय प्रतिभेइतकेच व्यवहारदक्षतेलाही द्यावे लागेल. टिळक हे गणिती होते, हे विसरता कामा नये.

१८९६ चा दुष्काळ हा 'केसरी'च्या इतिहासातील, माझ्या मते, सर्वांत कमी गायिलेला आणि सर्वांत अधिक गाण्याजोगा भाग होय. सरकारने केलेल्या दुष्काळी कायद्यात रयतेस कोणकोणत्या सवलती मिळू शकतात, पीक अमुक आण्यांच्या खाली गेल्यास सारा माफ वा तहकूब कसा होतो, हे कलमवार इंग्रजीत छापलेले होते आणि ज्याच्यासाठी ते छापले त्या कुणब्यापर्यंत ते पोचण्याचा मार्ग नव्हता. 'केसरी'ने तो कायदा मराठीत आणून छापला, त्याच्या प्रती गावोगाव वाटल्या, आणि माणसे पाठवून चावडीवर तो समजावून दिला. सरकारचाच कायदा सरकारच्याच रयतेस वाचून दाखवणे हा गुन्हा कसा ठरवावा, या विवंचनेत काही कलेक्टर पडले. वर्तमानपत्राच्या कचेरीने केलेल्या या कामात वक्तृत्व कोठेही नव्हते. होती ती निव्वळ कारकुनी, आणि ती शहाणपणाची कारकुनी होती.

१८९७ साल उजाडले ते प्लेग घेऊन. प्लेगच्या बंदोबस्तावर नेमलेल्या रँडसाहेबांच्या देखरेखीखाली गोऱ्या सोल्जरांनी घरोघर जी झडती मांडली तिच्यावर 'केसरी' प्रखर टीका करीत होता. १५ जूनच्या अंकात शिवाजी उत्सवाचा वृत्तान्त आणि शिवाजीच्या तोंडी घातलेली एक कविता आली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. ६ जुलैच्या मंगळवारी 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा अग्रलेख आला, आणि त्या महिन्याच्या अखेरीस टिळकांस मुंबईत राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली. हायकोर्टात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे नऊ जणांची ज्यूरी बसली, सहा युरोपियन आणि तीन हिंदी. मतेही सहा विरुद्ध तीन अशीच पडली, आणि दीड वर्षाची सक्तमजुरी सुनावण्यात आली.

या खटल्यात टिळकांच्या शेजारी आरोपीच्या पिंजऱ्यात आणखी एक गृहस्थ उभे होते. केशव महादेव बाळ हे त्यांचे नाव. आर्यभूषण छापखान्याचे व्यवस्थापक, म्हणून मुद्रक या नात्याने त्यांनाही राजद्रोहाच्या कलमाखाली खेचण्यात आले होते. ज्यूरीने त्यांस निर्दोष ठरवले आणि ते सुटले. त्यांच्या भाषणांचे खंड नाहीत, पुतळा तर नाहीच. पण दुसऱ्याने लिहिलेल्या अक्षराबद्दल जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगणाऱ्या कलमाखाली ज्याला उभे राहावे लागले, त्या मुद्रकाचे नाव निदान संस्थेच्या स्मरणिकेत तरी यावे.

टिळकांच्या गैरहजेरीत 'केसरी' आणि 'मराठा' ही दोन्ही पत्रे अंगावर घेतली ती नरसिंह चिंतामण केळकर यांनी. साताऱ्याची वकिली सोडून ते १८९६ साली पुण्यास आले होते, वय अवघे पंचविशीचे. पुढे साहित्यसम्राट म्हणून ज्यांचा गौरव झाला ते तात्यासाहेब हेच. टिळकांच्या आणि केळकरांच्या लेखणीची जात निराळी : टिळक मुद्द्यावर घाव घालीत, केळकर मुद्द्याभोवती प्रदक्षिणा घालून त्याच्या सर्व बाजू दाखवीत. शत्रूंनी त्यांस बोटचेपे म्हटले, काही मित्रांनीही म्हटले. परंतु ज्या वेळी एक आगाऊ वाक्य गेल्याने छापखान्यास टाळे लागू शकत होते, त्या वेळी हा सावधपणा संस्थेस धार्जिणा ठरला. ६ सप्टेंबर १८९८ रोजी टिळक मुदतीआधी सुटले आणि ४ जुलै १८९९ च्या अंकात 'पुनश्च हरिः ॐ' लिहून त्यांनी लेखणी पुन्हा हाती धरली, तेव्हा त्यांना पत्र जिवंत, वर्गणीदार शाबूत आणि हिशेब चालू असा संसार परत मिळाला.

केळकरांच्या जोडीचे दुसरे पुरुष कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. सांगलीचे हे तरुण ग्रॅज्युएट टिळकांच्या हाताखाली तयार झाले. मध्यंतरी ते नेपाळात जाऊन कौलांचा कारखाना काढून बसले होते, आणि त्या कौलांच्या आड निराळेच काही शिजवण्याचा बेत होता. तो फसल्यावर ते परत आले आणि आपले सर्व उग्रपण त्यांनी नाटकांत व अग्रलेखांत ओतले. 'कीचकवध' नाटक सरकारने पुढे बंद केले, यावरून त्या लेखणीची धग कळावी.

छपाईच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. मराठी मजकुराची खिळेजुळणी इंग्रजीच्या मानाने कितीतरी किचकट. काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरांची अखंड पलटण, या प्रत्येकास केसेत निराळे घर. जुळारी उभ्या उभ्या डाव्या हातातल्या कांबीत एकेक खिळा उलट्या अक्षराचा बसवीत जाई, आणि एक उकार तुटला तर सबंध ओळ सोडून पुन्हा बांधी. मंगळवारच्या अंकासाठी सोमवारी रात्री अग्रलेखाची शेवटची पाने हाती पडली की दिव्याच्या उजेडात हेच काम घाईने करावयाचे. ही अडचण टिळकांनी स्वतः मनावर घेतली. त्यांनी खिळ्यांची संख्या छाटीत छाटीत सुमारे १९० वर आणली, आणि तो संच पुढे टिळक टाइप या नावाने ओळखला गेला. मराठीच्या लेखनपद्धतीवर त्यांनी 'केसरी'त अग्रलेखही लिहिले. साम्राज्याशी झुंजणारा संपादक जुळाऱ्याच्या केसेतील घरे मोजीत बसतो, हे चित्र मला त्यांच्या कोणत्याही तैलचित्राहून अधिक खरे वाटते.

१९०५ च्या सुमारास बडोद्याच्या गायकवाडांचा नारायण पेठेतील वाडा टिळकांनी खरेदी केला आणि विंचूरकरवाड्यातून बिऱ्हाड व कचेरी तेथे आली. घर, कचेरी, छापखाना, गणेशोत्सव आणि राजकारण ही सर्व एकाच चौकात नांदू लागली. पुण्यात तेव्हा पत्रांची दाटी होती : शिवराम महादेव परांजपे यांचा 'काळ' १८९८ पासून वक्रोक्तीचे जहर पाजीत होता, भास्कर बळवंत भोपटकरांचा 'भाला' १९०५ पासून नावाप्रमाणेच टोचत होता. वंगभंगाच्या चळवळीने सर्वांसच चेव आलेला.

१९०८ च्या एप्रिलात मुजफरपूरला बाँब पडला. १२ मेच्या 'देशाचे दुर्दैव' आणि ९ जूनच्या 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या दोन लेखांवरून २४ जून रोजी टिळकांस मुंबईस सरदारगृहात पकडण्यात आले. गायकवाडवाड्याची झडती झाली, आणि कागदांच्या ढिगाऱ्यातून पोलिसांनी एक कार्ड शोधून काढले, ज्यावर स्फोटक द्रव्यांविषयीच्या दोन पुस्तकांची नावे लिहिलेली होती. फिर्यादी पक्षाने त्या कार्डाचा डोंगर केला. स्फोटकांसंबंधी नव्या कायद्यावर लिहावयाचे म्हणून ती टिपून ठेवली, असे टिळकांनी सांगितले. आणि ज्याने म्हणून संपादकाचे टेबल पाहिले आहे त्यास हे उत्तर पटण्याजोगे आहे. न्यायमूर्ती दावर यांनी, ज्यांनी १८९७ साली बॅरिस्टर म्हणून याच टिळकांसाठी जामीन मागितला होता, २२ जुलैच्या रात्री दहानंतर सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा फर्मावली. दुसऱ्या दिवसापासून मुंबईचे गिरणीकामगार सहा दिवस कामावर गेले नाहीत. वर्तमानपत्राच्या संपादकासाठी गिरण्या बंद पडाव्यात, हे हिंदुस्थानाने प्रथमच पाहिले.

मंडालेतील सहा वर्षे टिळकांची म्हणून वाचकांस ठाऊक आहेत. 'गीतारहस्य' तेथेच लिहिले गेले. पुण्यातील सहा वर्षे मात्र कोणी लिहिली नाहीत. खाडिलकरांनी १९१० पर्यंत संपादकत्व निभावले, मग ते केळकरांकडे आले. त्या अवधीत न्यायालयाच्या बेअदबीबद्दल केळकरांस कैद आणि दंड दोन्ही झाले. परांजप्यांस शिक्षा झाली, आणि १९१० च्या मुद्रण कायद्याने जामिनकीचे शस्त्र सरकारच्या हाती दिल्यावर 'काळ' उठू शकला नाही. महाराष्ट्रातील एकेक पत्र असे गळून पडत असता 'केसरी' मान खाली घालून, शब्द तोलून, पण दर मंगळवारी, वाचकांकडे जात राहिला. या काळातील अंक चाळताना पूर्वीची गर्जना त्यांत आढळत नाही, आणि काही अभ्यासकांनी त्याबद्दल नाक मुरडले आहे. मला ते अन्यायाचे वाटते. धैर्याचे दोन प्रकार आहेत, आणि तुरुंगात जाण्याच्या धैर्याची जेवढी प्रशंसा झाली तेवढी मागे राहून कचेरीचे दार उघडण्याच्या धैर्याची झाली नाही. १९१४ च्या जूनमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास टिळक गायकवाडवाड्याच्या दाराशी येऊन उतरले, तेव्हा त्या दाराआड संस्था नांदती होती.

त्यानंतरची सहा वर्षे होमरूलची, लखनौची, आणि चिरोल या इंग्रज पत्रकारावर लंडनमध्ये चालवलेल्या अब्रूनुकसानीच्या खटल्याच्या प्रचंड खर्चाची. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले.

येथे संस्थेच्या गौरवग्रंथांत सहसा न येणारा भाग सांगितलाच पाहिजे. १९२० च्या ३१ जानेवारीस डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'मूकनायक' सुरू केला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊ केले असताही 'केसरी'ने छापली नाही, आणि तेव्हा टिळक हयात होते. कोल्हापूरच्या वेदोक्त प्रकरणी, म्हणजे छत्रपतींच्या घरच्या विधींस वेदमंत्रांचा अधिकार आहे की नाही या वादात, 'केसरी'ने शाहू छत्रपतींच्या विरुद्ध घेतलेली भूमिकाही याच जातीची. याचे उत्तर पुण्यातच तयार झाले : वालचंद कोठारी यांचा 'जागरूक', श्रीपतराव शिंदे यांचा 'विजयी मराठा', आणि केशवराव जेधे व दिनकरराव जवळकर यांची तिखट फळी. जवळकरांच्या 'देशाचे दुश्मन' या १९२५ च्या पुस्तकावर खटला झाला आणि आरोपींच्या बाजूने खुद्द आंबेडकर उभे राहिले. सर्वांत विलक्षण गोष्ट ही की, लोकमान्यांचे पुत्र श्रीधरपंत यांनीच १९२८ साली गायकवाडवाड्यात आंबेडकरांच्या समता संघाची शाखा काढून सहभोजन घडवले, आणि विश्वस्तांचा रोष पत्करला. त्याच वर्षी मे महिन्यात त्या तरुणाचा शोकान्त झाला. ज्या वाड्याने राजद्रोहाचे खटले झेलले, त्यास घरच्या मुलाचे हे बंड झेलता आले नाही.

टिळकांच्या पश्चात दोन्ही पत्रांचा कारभार विश्वस्तांकडे गेला आणि केळकरांनी दीर्घकाळ धुरा वाहिली. खाडिलकर मुंबईस जाऊन १९२३ साली 'नवाकाळ' काढून बसले. गांधीयुगाशी 'केसरी'चे सूर कधी जुळले नाहीत. प्रतियोगी सहकारितेपासून हिंदुमहासभेपर्यंत त्याचा कल जात गेला, आणि एकेकाळी सर्व महाराष्ट्राचे राजकारण ज्या वाड्यात ठरे, तो वाडा एका पक्षाचा झाला. केळकरांमागून ज. स. करंदीकर, ग. वि. केतकर आणि लोकमान्यांचे नातू जयंतराव टिळक यांनी संपादकत्व सांभाळले. दरम्यान १ जानेवारी १९३२ रोजी डॉ. नानासाहेब परुळेकरांनी 'सकाळ' काढला होता. परुळेकर अमेरिकेत शिकून आलेले. अग्रलेखापेक्षा बातमी मोठी, आणि ती गल्लीतल्या नळाची असली तरी बातमीच, हा त्यांचा खाक्या. पुणेकरास आठवड्याच्या मतापेक्षा रोजच्या बातमीची सवय लागली, आणि 'केसरी'लाही अखेर काळाची पावले ओळखून १९६२ साली दैनिक व्हावे लागले. मंगळवार संपला.

संपादकांची चरित्रे झाली, खटल्यांचे वृत्तान्त छापले गेले, अग्रलेखांचे खंड निघाले. पण ज्यांनी ते अग्रलेख खिळ्यांत बांधले, मुद्रिते तपासली, पत्त्याच्या पट्ट्या चिकटवल्या, टपालाच्या थैल्या स्टेशनावर नेल्या आणि संपादक तुरुंगात असता वर्गणीच्या तगाद्याची पत्रे लिहिली, त्या माणसांची साधी नामावळीही आज सिद्ध नाही. तेव्हा वाचकांस विनंती इतकीच की, ज्यांच्या घरी माळ्यावर, फडताळात वा देवघराच्या कोनाड्यात 'केसरी'चे सुटे अंक, वर्गणीच्या पावत्या, कचेरीची पत्रे किंवा वाडवडिलांनी तेथे नोकरी केल्याचा काही कागद असेल, त्यांनी तो रद्दीत न घालता संस्थेच्या ग्रंथशाळेकडे पोचता करावा आणि सोबत त्या माणसाचे नाव, गाव व काम एका चिठ्ठीवर लिहून द्यावे.